एकोणतिसावा आवाज

भाची : डोळे उघडू नकोस हं अजून. हात पुढे कर. इथे. लागलं?

मामी : पट्ट्या लागतायत. अगं, पण चिकट नाहीत या!

भाची : उघड आता.

मामी : अगंबाई! हा आपलाच कीबोर्ड का? मला वाटलं, नवा आणलास.

भाची : आपलाच. करडा होता, पिवळा पडला होता, पुन्हा करडा केला. एकेक पट्टी काढून धुतली. खाली काय काय निघालं सांगू? दोन पिना, शर्टाचं बटण आणि अर्धी गोळी.

मामी : ती रक्तदाबाची. घर पालथं घातलं होतं तिच्यासाठी. ते म्हणत होते तू घेतलीस, मी म्हणत होते तुम्ही.

भाची : मामा येईल ना इतक्यात?

मामी : निघालेत. कानाचं मशीन बसवून झालं म्हणे. फोनवर काय ओरडत होते! म्हटलं, मशीन लागल्यावर तरी हळू बोलतील.

भाची : तोवर तू ऐक. हा पहिला आवाज. ब्रास, म्हणजे पितळी तुताऱ्या.

मामी : हा ब्रास? पत्र्याच्या डब्यात कोणी शिंकल्यासारखं वाटतंय.

भाची : त्या शिंकेवरच तर आमच्या जुन्या कीबोर्डवाल्यांच्या ग्रुपमधले लोक जीव टाकतात! हा गरिबाचा सिंथ होता, मामी. बड्या वादकांचे असायचे ते दोघांनी मिळून उचलायचे. हा काखेत मारून न्यायचा. आतली चिप स्वस्तातली, म्हणून प्रत्येक आवाजाच्या तळाशी जराशी खरखर उरते. गणित शेवटपर्यंत न सोडवता उत्तर लिहून टाकावं तशी. आता लोक महागडे संगणक घेऊन ती खरखर मुद्दाम करायला बघतात आणि जमत नाही. आणि ही ऐक, काचेची घंटा.

मामी : ही बरी आहे.

भाची : बरी? ही घंटा ऐकून मास्तर रडले होते.

मामी : कोण मास्तर?

भाची : ग्रुपमधले. शाळेत भूमिती शिकवायचे. पलंगाला जागा उरली नाही इतके कीबोर्ड आहेत त्यांच्याकडे.

मामी : आणि बायको?

भाची : आहे. बहिणीकडे असते.

मामी : असणारच. बरं, आता एकोणतिसावा लाव.

भाची : तुला आकडा पाठ आहे?

मामी : मला नसेल तर कोणाला असेल? आल्याआल्या तोच मागणार आहेत. सकाळी चपला घालता घालता म्हणाले, मशीन लावून आलो की आधी एकोणतिसावा ऐकणार, मग तुझी बडबड.

भाची : हा घे. व्हायोलिन.

मामी : हा नव्हे.

भाची : हाच. बघ ना, पडद्यावर एकोणतीस आहे.

मामी : आकडा मलाही वाचता येतो. आवाज तो नाही.

भाची : म्हणजे आधी होता तो म्हणतेस? मामी, तो बिघडलेला होता.

मामी : कोण म्हणालं?

भाची : सगळेच. आतली बॅटरी शेवटचे श्वास घेत होती. तिच्या जिवावरच याला आवाज आठवतात. ती मरायला टेकली की आकडे सडतात. विसाव्याच्या पुढचे सगळे नुसते किंचाळत होते गं. कानात सुई घातल्यासारखे. मास्तरांना ऐकवलं, ते म्हणाले, मेमरी कुजली, बॅटरी बदल आणि कंपनीचे मूळ आवाज भर. मी भरले. सगळे. दुकानातून पहिल्यांदा आला होता तेव्हाचे.

मामी : आणि आधीचे?

भाची : ते गेले.

मामी : गेले म्हणजे? कुठे गेले?

भाची : कुठे नाही. बॅटरी काढली की पुसलं जातं. आधी कॅसेटवर उतरवून ठेवता आले असते. मीच म्हटलं, सडलेलं कशाला उतरवायचं. मामी? बटणं काय दाबत सुटलीस?

मामी : बघते, एखादा तरी उरलाय का.

भाची : काय झालं? घाबरवू नकोस.

मामी : ते आवाज तुझ्या मामाने केले होते. एकेक. बिघडलं काही नव्हतं त्या पेटीचं. बिघडले होते ते यांचे कान.

भाची : मामाने? पण इतके कर्कश कोण कशाला करेल?

मामी : अगं, उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेला माणसाचा. टाक्या, पिंपं, धुराडी. कानांची वाट लागली ती तिथेच. मग हे खेळणं आणलं कुठूनसं, आणि संध्याकाळी कारखान्यातून आले की बसायचे याच्यापुढे. आवाज जरा वर न्यायचे, ऐकू आलं नाही की आणखी वर. ऐकू येईतो चढवत राहायचे. त्यांना ऐकू यायला लागलं, की बाकीच्यांनी घर सोडायची वेळ.

भाची : हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?

मामी : तू विचारलंस? दुरुस्त करून आणते म्हणालीस. मला काय माहीत, तुमच्या भाषेत दुरुस्त म्हणजे पुसणं!

भाची : मामी, मी त्याला तोंड कसं दाखवू? मी त्याचं इतक्या वर्षांचं...

मामी : बॅटरी आपोआप संपली म्हणून सांगू.

भाची : नवी बॅटरी मीच घातली हे सांगायला मी सकाळी त्याला फोटो पाठवलाय.

मामी : मग काय बोलायचं! खरं सांगू? एका अर्थी सुटलेच होते मी, क्षणभर. असं वाटलं याचंच आता वाईट वाटतंय.

भाची : थांब. माझ्या फोनमध्ये आहे. एकोणतिसावा. थोडाच आहे, पण आहे.

मामी : अगं, मग आधी का नाही सांगितलंस? कसा काय ठेवलास?

भाची : ग्रुपवर टाकला होता.

मामी : कशाला?

भाची : हसायला.

मामी : हसले?

भाची : खूप.

मामी : हं. लाव. नाही, थांब, आधी तो खण उघडू दे. कापूस घेते.

भाची : कापूस?

मामी : कानात घालायला.

भाची : मामी! तू कापूस घालून ऐकायचीस? मामाला माहीत आहे?

मामी : वेडी आहेस का. केसांखाली कोणाला दिसतंय? "कसा झालाय?" असे ओठ हलले की मी म्हणायचे, छान.

भाची : इतकी वर्षं? मग त्याला हेडफोन तरी द्यायचेस!

मामी : डॉक्टरांनी बंद केले. म्हणाले, उरलेसुरले कानही जातील. आणि हा एकोणतिसावा तर कहर. हा पुरा झाला तेव्हा मला हाताला धरून इथे बसवलं आणि म्हणाले, ओळख. मी म्हटलं, गिरणीचा भोंगा? तर म्हणाले, अगं, हा तुझा आवाज. तू गुणगुणतेस तो. चार दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. माझा आवाज म्हणे! मांजराच्या शेपटीवर पाय पडला तर ते बरं ओरडतं.

भाची : मामी, एक सांग. मामाला काय ऐकू यायचं नाही? नीट आठवून सांग.

मामी : दारावरची घंटा. फोन. चिमण्या तर कित्येक वर्षांत नाहीत. तुझ्या आईचं बोलणं.

भाची : आणि काय यायचं?

मामी : ट्रक आला की कळायचा. दार आपटलं की. खालच्या घरमालकाचं बोलणं सगळं. माझं निम्मंशिम्मं.

भाची : म्हणजे खालचे सूर नीट, वरचे गायब. मामी, मी गाढव आहे. ही भूमितीइतकी सोपी गोष्ट आहे. तो वरचा भाग चढवत होता, कारण त्याच्यापर्यंत पोचता पोचता तो उरतच नव्हता. आपण ऐकला तो आवाज त्याने कधी ऐकलाच नाही! हा स्पीकर इकडे घे, फोन याला जोडते. ट्रेबलचा, वरच्या सुरांचा नॉब कुठला? हा. हा पार शून्यावर नेते. अगदी त्याच्या कानांसारखं होणार नाही, पण जवळपास. कापूस काढ.

मामी : नको गं बाई.

भाची : काढ तर. माझं ऐक.

मामी : एक काढते.

भाची : दोन्ही. लावते हं.

(क्लिप वाजते. संपते.)

भाची : संपला. कसा वाटला?

मामी : पुन्हा लाव.

भाची : मामी, हे तर...

मामी : गप्प बस. पुन्हा लाव. मी अशी गुणगुणते?

भाची : कपडे वाळत घालताना. अगदी अशीच. शेवटी श्वास घेतेस तोसुद्धा आहे यात.

मामी : मी त्याला भोंगा म्हटलं.

भाची : मी तो पुसला.

मामी : जिन्यावर पाय वाजतायत. आले वाटतं.

मामा : अगं, ए! ही चप्पल वाजते! जिना वाजतो! आणि ही पिशवी, ऐक, ऐक, किती बोलते! मी समजत होतो पिशवी मुकी असते. वाटेत एक पान घसरत गेलं, वाळलेलं, मी दचकून बाजूला झालो! तुम्ही लोक या एवढ्या गलक्यात विचार कसा करता?

मामी : अहो, हळू बोला.

मामा : हळूच बोलतोय. नाही? बापरे, हा माझा आवाज? आणि काय गं शास्त्रज्ञ, तू अशी पांढरी का पडलीस? वा! काय चकाचक केलायस! काय वाजत होतं आत्ता? एकोणतिसावा ना? लाव, लाव.

भाची : मामा, आधी मला तुला...

मामा : मग सांग. लाव आधी.

मामी : लाव गं.

मामा : हां! हाच. मशीन लावून सुद्धा हाच. म्हटलं नव्हतं? पण हे ट्रेबल कोणी तळाला नेलं? हे शेवटपर्यंत फिरवून ठेवायचं असतं.

मामी : अहो, नको!

भाची : मामा, हात काढ!

मामा : बंद करा! बंद करा ते! काय होतं? काय तुटलं?

भाची : काही तुटलं नाही.

मामा : मग कोण ओरडलं?

मामी : तोच. एकोणतिसावा.

मामा : छे. मशीनमध्ये गडबड असेल. पिशवी काय, पान काय, सगळंच वाढवून सांगतंय हे.

मामी : मशीन खरं बोलतंय. तो असाच आहे.

मामा : असाच? पहिल्यापासून? तुम्ही सगळे हे ऐकत होतात? शेजारचे ते भाडेकरू घर सोडून गेले, ते...

मामी : त्यांची बदली झाली होती.

मामा : खरं सांग.

मामी : बदली मागून घेतली होती.

मामा : आणि तू? तू तर रोज इथे बसायचीस. छान म्हणायचीस.

मामी : हे बघा. कापूस.

मामा : कानात?

मामी : कानात.

मामा : मग छान कशाला म्हणायचं? वेडा समजत होतीस मला?

मामी : तुमच्या तोंडाकडे बघून म्हणायचे. वाजवताना तुमचं तोंड बघण्यासारखं असायचं. खोटं नव्हते म्हणत.

मामा : शास्त्रज्ञ, पुसून टाक तो. आत्ताच्या आत्ता. सगळेच पुसून टाक.

भाची : मामा, ते मी आधीच पुसलेत.

मामा : काय?

भाची : मला वाटलं, बिघडलेत. तुला विचारलं नाही, मामीला विचारलं नाही, कॅसेटवरही उतरवले नाहीत. तू आत्ता ऐकलास तो फक्त फोनमधला तुकडा. पेटीत एकोणतिसाव्यावर आता व्हायोलिन आहे.

मामा : कोणाला विचारून पुसलेस?

मामी : अहो, आत्ता तुम्हीच पूस म्हणालात ना?

मामा : मी म्हणणं वेगळं. माझे होते ते! एकेका आकड्यासाठी किती संध्याकाळी बसलो होतो मी. आता ते कान तरी कुठे आहेत माझ्याकडे, पुन्हा बसायला? या नव्या कानांना तर तो ऐकवत नाही.

भाची : सॉरी, मामा.

मामा : व्हायोलिन! मी व्हायोलिन कधी मागितलं होतं?

मामी : मला तो परत हवाय.

मामा : कोणता?

मामी : एकोणतिसावा. माझा आहे तो. मी आज ऐकला, तुमच्या कानांनी. या पोरीने ट्रेबल खाली नेलं आणि मी बिनकापसाची बसले. तुम्ही म्हणालात तसाच आहे. मीच आहे. तुम्हाला नको असेल तर ठेवू नका, मला करून द्या.

भाची : क्लिपवरून होईल, मामी. या पेटीत चारच लहरी मिसळून एक आवाज होतो. एक दुसरीला किती हलवते, हे मोजायचं, बस. मास्तरांना सांगते. हसलेल्या सगळ्यांना बसवते मोजायला. हुबेहूब होईल असं नाही म्हणत. पण तू आणि मामा "हा नव्हे" म्हणत राहाल तोवर करत राहू.

मामा : ते हसलेले लोक बसतील?

भाची : मामा, त्यांना कळलं ना, की एका माणसाने स्वतःच्या कानांच्या मापाचे आवाज या पेटीतून काढले, तर ते इथे रांग लावतील. मास्तर पुन्हा रडतील.

मामी : बायकोला घेऊन या म्हणावं.

मामा : आणि बाकीचे? विसाव्यापुढचे?

भाची : त्यांचं रेकॉर्डिंग नाही.

मामा : हं.

मामी : बसा. उभे किती राहाल? टेका जरा.

मामा : अगं, तू गुणगुण बघू.

मामी : आता? या पोरीसमोर?

मामा : मशीन नवंय. बघू दे काय काय ऐकवतं ते. दोरीवर कपडे घालतेस तेव्हाचं. लाजतेस काय? ... हं. हं. थांब. पुन्हा, तेवढंच शेवटचं.

मामी : काय झालं? असं का बघताय?

मामा : त्याच्या वर एवढं आणखी होतं?

भाची : कायमच होतं, मामा.

मामा : मला वाटलं, मी सगळं घेतलंय. शास्त्रज्ञ, तिसाव्यावर काय आहे गं?

भाची : तिसाव्यावर? कंपनीचा ऑर्गन. तो तर मास्तरांनाही आवडत नाही.

मामा : मग तो पूस.