दादाचं विलायतेतलं घर

तुम्ही म्हणता ना, माझं तोंड कुणी बंद करू शकत नाही? माझ्या बाबांनी एकदा केलं, तेही न रागावता.

दादानं इंग्लंडात घर विकत घेतलं, त्याचं पत्र मी मोठ्यानं वाचत होते. बाबांनी मध्येच विचारलं, "घर विकनाऱ्यानं आडनाव नाही इचारलं काय?"

आमच्या अकोल्यात आडनाव सांगितलं की रिकामी खोलीसुद्धा भरलेली निघायची, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी फणकारले, "बाबा, विलायत आहे ती! तिथं कोणी असलं विचारत नाही. तुमचं आपलं तेच ते!"

"बरं बाई. वाच पुढं."

पुढं दादानं लिहिलं होतं, 'पहिल्या दोघांनी माझा काळा रंग पाहूनच दार लावून घेतलं. तिसरी एक म्हातारी होती. तिनं आधी आपल्या कपात चहा पाजला, मग घर दाखवलं.'

वाचता वाचता माझा आवाज उतरला. आता बाबा सुनावणार, असं वाटलं.

"तिच्या सोताच्या कपात?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "लिही त्याले. त्या बुढीले आमचा जयभीम सांग म्हना."