चंद्रीचा चांगला पाय

(बडोदे, दांडिया बाजार. दत्ताजीरावांचं घर. दुपारच्या जेवणाची वेळ.)

बळवंतराव : अक्षत देवापुढं ठेवलीत, बरं केलंत वैनी. पण मी नुसती अक्षत द्यायला आलो नाही. माझ्या लीलाचं लग्न तोंडावर आलंय, आणि तिचा हा काका म्हणे घरातून हलणार नाही.

कुसुमावती : हळू बोला भाऊजी. त्यांना सगळं ऐकू येतं, समजतं. जीभ तेवढी वळत नाही.

बळवंतराव : त्याला ऐकू जावं म्हणूनच बोलतोय. कां दत्ताजीराव, मजामां? मजेत ना?

दत्ताजीराव : जा.

बळवंतराव : हे कसं स्वच्छ आलं. माणसं हाकलायची विद्या शाबूत आहे म्हणायची.

कुसुमावती : रागावू नका त्यांच्यावर. त्यांचं जेवण व्हायचंय, आणि तुमच्यासमोर मी भरवलं तर तोंड उघडायचे नाहीत.

बळवंतराव : वीस वर्षं पागेत एका पानात जेवलोय आम्ही. आता माझी लाज?

कुसुमावती : तुमचीच जास्त. परक्यासमोर एकवेळ चालेल.

बळवंतराव : आणि तुम्ही जेवलात?

कुसुमावती : त्यांच्याआधी मी कधी जेवलेय का?

बळवंतराव : हा किती जेवतो?

कुसुमावती : दोन-चार घास. मग भिंतीकडं तोंड करतात.

बळवंतराव : म्हणजे तुम्हीही दोन-चारच. तरी म्हटलं, बांगड्या कोपरापर्यंत का चढतायत.

कुसुमावती : माझं काय घेऊन बसलात. ह्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून मला भूक अशी लागतच नाही. रात्री जरा खुट्ट झालं की उठून श्वास चालतोय ना बघते.

दत्ताजीराव : न...को.

कुसुमावती : बोलत नाही हो मी काही. भाऊजींनी विचारलं म्हणून.

बळवंतराव : उलट बोला वैनी. मनात ठेवून कुढत बसाल आणि उद्या तुम्हीच अंथरूण धराल. मग दोघांना कोण बघणार? उद्यापासून इंदिरा दुपारची इथं येऊन बसेल. तुम्ही दार लोटून झोपा, नाहीतर देवळात जाऊन या.

कुसुमावती : इंदिराबाईंना लग्नघरचं सोडून कशाला त्रास?

बळवंतराव : तिनंच सांगितलंय. नाही म्हणालात तर मला घरात घेणार नाही. बरं, डावा हात तर याचा धडधाकट आहे. त्या हातानं का जेवत नाही?

कुसुमावती : एकदा मी डाव्या हातात चमचा दिला होता. ताट अंगणात जाऊन पडलं.

दत्ताजीराव : डा...वा... नाही.

बळवंतराव : ठीक. डाव्या हातानं जेवायचं नाही, उजवा चालत नाही, भरवलेलं गिळत नाही. आणि लीलाच्या पंगतीला तर यायचंच नाही. दत्ताजी, तुझ्या या हट्टापायी ही बाई उपाशी मरतेय. स्पष्टच सांगतो.

कुसुमावती : भाऊजी.

बळवंतराव : बोलू द्या मला. त्या दिवशी पागेत बोललो नाही त्याचं अजून वाईट वाटतं. घोड्याच्या खोगिराचा तंग आवळताना याची बोटं सैल पडली, मिशी एका बाजूला उतरली. पित्त झालं म्हणाला, आम्हीही मान डोलावली. कुणीतरी मीठमोहऱ्या आणल्या दृष्ट काढायला.

कुसुमावती : घरी आले तेव्हा शब्द अडखळत होते. मी म्हटलं ऊन लागलं असेल, म्हणून कैरीचं पन्हं केलं. दवाखान्यात न्यायला संध्याकाळ झाली. डॉक्टर म्हणाले, तोंड वाकडं दिसलं, हात गळाला, बोबडी वळली, की तिथल्या तिथं टांगा जोडायचा.

बळवंतराव : आता गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. आणखी काय म्हणाले ते?

कुसुमावती : आता धोका टळलाय, हाताला काम द्या म्हणाले. पण कसं देऊ? पेला उचलायला गेले की थरथर कापतात. मग मीच उचलून देते. सदरा मीच घालते, तांब्या मीच धरते. एवढं तरी करू नको का त्यांच्यासाठी?

बळवंतराव : करा हो. पण... चंद्री आठवते का रे, दत्ताजी?

दत्ताजीराव : चं...द्री.

कुसुमावती : नाव घेतलं. भाऊजी, नाव घेतलं त्यांनी.

बळवंतराव : घोडीचं घेतलं. तुमचं एवढ्यात घेणार नाही, धीर धरा.

कुसुमावती : माझं राहू दे. पाणी हवं तर पाणी म्हणता आलं, तरी मी पेढे वाटीन.

बळवंतराव : तुम्हाला माहीत नसेल वैनी. चंद्रीच्या खांद्याला मार बसला होता. उजवा पाय टेकेना. जखम भरली तरी टेकेना. तीन पायांवर उभी राहायची तिला सवयच लागली. खांदा नुसता सुकत चालला. सगळे म्हणाले, कामातून गेली, काढून टाका. तेव्हा या तुमच्या नवऱ्यानं काय केलं, विचारा.

कुसुमावती : काय केलं?

बळवंतराव : तिचा चांगला पाय बांधला. मऊ दोरीनं, दुमडून, रोज थोडा थोडा वेळ. मी भांडलो याच्याशी, म्हटलं मुक्या जनावराला छळतोस, पाप लागेल. हा म्हणाला, चांगला पाय मोकळा आहे तोवर दुखऱ्याला ती विचारणार नाही. आणि दसऱ्याच्या सवारीत ती चंद्री कशी चालली ते सगळ्या बडोद्यानं पाहिलं.

दत्ताजीराव : बांध.

कुसुमावती : काय म्हणतायत?

बळवंतराव : डावा हात पुढं केलाय त्यानं. बांधा म्हणतोय. हे घ्या माझं उपरणं.

कुसुमावती : नाही. एक हात गेला तेवढं पुरे. दुसरा मी बांधायचा? माझ्या हातानं?

दत्ताजीराव : तू... बांध.

कुसुमावती : बांधलं. पण लागलं तर लगेच सोडणार मी.

बळवंतराव : वैनी, या गाठीतून वासरूसुद्धा सुटेल.

कुसुमावती : असू दे सैल. हे घ्या ताट. वरणभात केलाय, घट्टसर. कालवू का मी?

बळवंतराव : तुम्ही मागं बसा. हात पदरात घ्या. तुमचेही बांधावे लागतील, असं दिसतंय.

कुसुमावती : बोटं पोहोचली भातापर्यंत. बोटं मिटतायत बघा. अगबाई, सांडलं सगळं.

बळवंतराव : सांडू दे.

कुसुमावती : घामानं भिजलेत हो. बघवत नाही मला. आजच्यापुरतं भरवते, उद्या बघू.

दत्ताजीराव : नको.

बळवंतराव : हे मघासारखं नको नाही, वैनी. ऐकलंत ना? चल दत्ताजी. वर येत नसेल तर मान खाली घे. पंगतीत कुणी हसलं तर मी आहे आणि माझा जोडा आहे.

कुसुमावती : अर्धा मिशीत गेला.

बळवंतराव : आणि अर्धा?

कुसुमावती : तोंडात. चावतायत. भाऊजी, स्वतःच्या हातानं जेवले ते.

बळवंतराव : मग रडता कशाला?

कुसुमावती : तुम्ही तरी कुठं कोरडे आहात.

दत्ताजीराव : तू...

कुसुमावती : पाणी देऊ? पुसू का मिशी?

दत्ताजीराव : तू... जेव.

कुसुमावती : जेवते ना. तुमचं होऊ दे आधी.

दत्ताजीराव : सं...गं.

बळवंतराव : संगं जेव म्हणतोय. वैनी, घ्या ताट. तुम्ही बसलात तरच तो पुढचा घास घेईल, मी ओळखतो त्याला. तुम्हा दोघांना लग्नात आणायचा मार्गही हाच दिसतोय. दोन पानं शेजारी शेजारी मांडतो. दत्ताजी, येशील ना?

दत्ताजीराव : हं. बांधून.

बळवंतराव : बांधून ये. माझंच उपरणं ठेव.

कुसुमावती : भाऊजी, तुम्ही जरा तिकडं तोंड करून बसा. ह्यांच्या बरोबरीनं मी कधी जेवले नाही. त्यात तुमच्यासमोर.

बळवंतराव : बसलो. भिंतीला रंग द्यायला झालाय तुमच्या.

कुसुमावती : दिवाळीला देऊ.

बळवंतराव : वळू का आता?

कुसुमावती : थांबा थोडं. दुसरा घास घेतायत.