बांगड्यांच्या सौद्यात सोबत चालण्याबाबत

दिनांक १४ जानेवारी, मनामा. बोलावणे येऊनही इतक्या उशिरा हजर झाले, याबद्दल क्षमस्व. खरे काय आणि माझ्या सोयीचे काय, हे वेगळे करण्यात दिवस गेले.

मी मुनीरा इसा अल-काबी, वय ४६, धंदा नोकरी (बँकेतले व्यवहार शरियतला धरून आहेत की नाही हे तपासणे), राहणार मुहर्रक, समक्ष सांगते की,

सराफ मिर्झा अब्दुलहुसैन (बाजारात त्यांना अबू जाफर म्हणतात) यांनी उम्म राशिद या विधवा बाईंविरुद्ध पाठलागाची तक्रार दिली आहे. पाठलाग झाला. सल्ला माझा होता.

घटनेच्या दिवशी संध्याकाळी बाईंच्या मुलाचा निकाह होता. मेहेरसाठी, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायच्या ऐवजासाठी, त्यांनी दुपारी मिर्झांकडे बांगड्या ठरवल्या, पैसे मोबाइलवरून पाठवले. आमच्याच बँकेचे यंत्र अडकले. तेवढ्यात सोन्याचा भाव चढला. शरियतप्रमाणे सोन्याचा सौदा दोघे वेगळे होण्याआधी पुरा व्हावा लागतो: पैसे त्याच्या ताब्यात, सोने तिच्या. नाहीतर मोडतो. मिर्झांनी बांगड्यांची डबी खिशात टाकली, मोबाइल बंद केला आणि दुकानाबाहेर पडले. नव्या भावाने घ्यायची बाईंची ऐपत नाही. त्यांनी मला फोन केला. मी म्हणाले, "सोबत चालत राहिलात तर सौद्याची बैठक मोडत नाही. सोडू नका."

मी दोघांना बाजारात गाठले.

"अहो बाई, मला न्हाव्याकडे जायचंय!"

"चला की अबू जाफर. मीही बसते."

"मग मशिदीत जातो!"

"जा. दारात तुमच्या चपला सांभाळते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हाताऱ्याला अजून मागणी आहे."

येथे मी हसले. हसायला नको होते. मिर्झा मशिदीऐवजी या चौकीत शिरले. मागोमाग बाई, मागोमाग मी.

हवालदारांनी मोबाइल सुरू करायला लावला. पैसे वाटेतच जमा झाले होते. मिर्झा म्हणाले, "मी पाहिलेच नाहीत. ताबा कसला?"

मी म्हणाले, "जमा झाले तेव्हापासून तुम्हाला खर्चता येत होते, तोच ताबा. मांजरानं डोळे मिटून दूध प्यायलं, तरी दूध त्याच्याच पोटात."

हे मी खरे म्हणून बोलले, बाईंची दया आली म्हणून, की बँकेची चूक झाकायला, हे पुन्हा पुन्हा तपासले. मिर्झांनी विचारले असते तरी हेच सांगितले असते. बहुधा. हा शब्द नोंदवावा.

बाईंनी त्यांना हात लावला नाही. मिर्झांनी डबी बाकावर आपटली. उम्म राशिद यांनी ताबा पुरा व्हावा म्हणून बांगड्या तिथेच चढवायला घेतल्या. सुनेच्या मापाच्या, त्या मुठीवरच अडकल्या. तशाच घेऊन निघाल्या. दारातून दोघे विरुद्ध दिशांना गेले, दुपारपासून पहिल्यांदाच.

मजकूर मला वाचून दाखवला. दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या झाल्या. आता मी बोलले तसाच आहे.

सही: मुनीरा इसा

(माझ्या प्रतीवर, माझ्यासाठी) उद्या: यंत्र अडकल्याबद्दल बँकेने उम्म राशिद यांची माफी मागावी, असे पत्र बँकेतल्या साहेबांना देणे.