बारावी खुर्ची

(स्वयंपाकघर. थोरली बहीण चर्चचे टॉवेल इस्त्री करते आहे. धाकटी घमेल्यात पाय सोडून बसली आहे.)

थोरली: संध्याकाळी चर्चमध्ये फादर तुझे पाय धुणारच आहेत ना? मग आत्तापासून काय घासत बसलीयस?

धाकटी: सगळेच धुऊन येतात, ताई. मळके पाय घेऊन सगळ्यांपुढे कोण बसेल?

थोरली: म्हणजे धुतलेले पाय पुन्हा धुवायचे. छान. नखांना रंगही लावणार असशील.

धाकटी: लावणार होते. आता नाही लावत.

थोरली: लाव की. मला काय. तुझे पाय आहेतच बघण्यासारखे. बुटांच्या दुकानात बसून बसून निगा राखायला शिकलीस.

धाकटी: बसते कुठली? दिवसभर गुडघ्यांवर असते, गिऱ्हाइकांच्या पायांत बूट चढवत.

थोरली: आणि मी लॉन्ड्रीत ओल्या फरशीवर उभी असते. मला कोण विचारतंय?

धाकटी: तू रागावलीयस माझ्यावर.

थोरली: रागावले नाही, जळतेय. सरळ सांगते. इतकी वर्षं पवित्र गुरुवारचे हे टॉवेल मी धुते, इस्त्री करते, वेदीपाशी नेऊन ठेवते. तू बाहेरगावी होतीस तोवर चर्चची पायरी चढली नाहीस. आता परत आलीस काय, आणि लगेच फादर पाय धुतात त्या बारा जणांत तुझी निवड काय. आयत्या बिळावर नागोबा. वर तुझे पाय पुसायच्या टॉवेलाला इस्त्री कुणी करायची? मीच.

धाकटी: दे इकडे, मी करते.

थोरली: नको. चुण्या पाडशील.

धाकटी: म्हणून येणार नाहीस संध्याकाळी?

थोरली: डोकं दुखतंय माझं.

धाकटी: सकाळी तर दुखत नव्हतं.

थोरली: आता दुखतंय. आईच्या शेवटच्या आजारपणातही असंच. तिची कूस बदलायची मी, भरवायचं मी, रात्री उठायचं मी. आणि जरा शुद्धीवर आली की विचारणार काय, तर धाकटी जेवली का.

धाकटी: तू समोर होतीस, ताई. समोरच्या माणसाची चौकशी कोण करतं? मी फोन केला की आई बरी आहे म्हणून ठेवून द्यायची. पाणी तुझ्याकडे मागायची. मला हेवा वाटत नसेल?

थोरली: तुला?

धाकटी: हो, मला. माझ्याकडे तिनं कधी काही मागितलंच नाही.

थोरली: पाण्याच्या पेल्याचा कसला हेवा करायचा. वेडीच आहेस.

धाकटी: सकाळी मी फादरना सांगून आले, ती बारावी खुर्ची ताईला द्या.

थोरली: मला भीक नकोय.

धाकटी: ते हसले. म्हणाले, गेल्या वर्षी तिला विचारलं, त्याआधीही विचारलं, दर वेळी म्हणते टॉवेलांकडे कोण बघणार. मला कधी बोलली नाहीस ते.

थोरली: या फादरांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

धाकटी: मग जळतेस कशाला? जागा तुझीच होती.

थोरली: म्हणूनच जळते. त्यांनी विचारलं आणि तू चटकन हो म्हणालीस. मला नाही जमलं. माझे पाय बघितलेस? टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत कातडी गेलेली, अंगठ्याचं नख काळं. भरल्या चर्चमध्ये मोजा काढू? आणि फादर त्या पायापुढे वाकणार.

धाकटी: दुकानात मोजा काढताना प्रत्येक जण आधी माफी मागतो. भले भले मागतात. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्या बायबलच्या वाचनातही कुणीतरी नको म्हणालं होतं ना?

थोरली: पेत्र. लहानपणी इतकं ऐकलंस, सगळं धुऊन निघालं वाटतं.

धाकटी: तो का नको म्हणाला?

थोरली: गुरूनं पायांशी बसायचं म्हणजे काय. लाज वाटली असेल. मासे धरणाऱ्याचे पाय ते.

धाकटी: मग?

थोरली: मग येशू म्हणाला, धुऊ दिलं नाहीस तर तुझा माझा संबंध नाही.

धाकटी: आणि पेत्र?

थोरली: काय करणार. बसला.

धाकटी: मग तूही बस.

थोरली: माझा जन्म दुसऱ्यांचं धुण्यात गेला गं. ते मला येतं. माझं कुणी धुवायला लागलं तर मी तिथेच रडेन.

धाकटी: रड की. टॉवेल तुझेच आहेत.

थोरली: चावटपणा पुरे. तुझं काय मग?

धाकटी: मी टॉवेल धरून उभी राहीन. चुण्या पडल्या तर घरी येऊन बोल.

थोरली: फादर एकच पाय धुतात. मी उजवा पुढे करीन. डाव्याची टाच फार फुटलीये.

धाकटी: मग डावाच पुढे कर, ताई.