शेवंतीला जोर

बाळाचा ताप उतरेना म्हणून दवाखान्याच्या बाकावर मी नंबराची वाट पाहत होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मेहुणी बसली होती. गृहस्थांच्या बायकोला आज घरी सोडणार होते.

"युरिया घातलात, भावजी? शेवंतीला, ऐन कळ्या धरायच्या दिवसांत?"

"डॉक्टरांनी हात टेकले, त्याच दिवशी घातला. म्हटलं, झाडांना जोर येईल, तिच्या डोळ्यांदेखत फुलतील."

"जोर आला तो पाल्याला."

"पाला मात्र असा माजलाय! शेजारीण कौतुक करून गेली."

"कौतुक काय जाळायचंय? ताईला सांगितलंत?"

"ती रोज विचारायची. मी म्हणायचो, कळ्या आल्यात, भरपूर आल्यात."

"एक तरी आहे का?"

"औषधालाही नाही."

"मग रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या आणून ठेवू या."

"स्वतःच्या हातची रोपं ती ओळखणार नाही होय? उगाच आणखी एक खोटं."

"तर मग सांगून टाका."

"तूच सांग ना. तू धाकटी, तुझ्यावर ती रागावत नाही."

"वा! घोळ तुम्ही घालायचा आणि निस्तरायचा मी?"

दार उघडलं. चाकांच्या खुर्चीतून बाई बाहेर आल्या, शालीत अगदी एवढ्याशा. मी बाळाला जवळ ओढलं.

"घरी पोचलो की मला आधी शेवंतीपाशी न्या."

"आधी जरा आराम कर. फुलं कुठे पळून जातायत?"

"आराम पुढे आहेच की हो."

गृहस्थ खाली वाकले आणि बाईंच्या पायातली चप्पल नीट करू लागले. चप्पल नीटच होती.