पाटलांच्या ओसरीवरचा रेडिओ

वेस्ट इंडीजचा संघ पहिल्यांदा आपल्याकडं खेळायला आला, त्या वर्षीचं सांगतो. कोल्हारात रेडिओ एकच, पाटलांच्या ओसरीवर. समालोचन सगळं इंग्रजीत, आणि ते समजणारा गावात मी एकटा, मिशनच्या शाळेचा मास्तर. शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या दिवशी पाटलांचं बोलावणं आलं. मी आमच्या ख्रिस्ती वस्तीतली दहा-बारा माणसं घेऊनच गेलो.

पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी वर या. बाकीचे बसतील खाली अंगनात. रीतच हाय ती."

"मग मीही खालीच बरा," म्हटलं, आणि मातीत मांडी ठोकली.

वर रेडिओ बोंबलत होता. मी ऐकायचो आणि आमच्या माणसांना हळू आवाजात सांगायचो. चौकार गेला की अंगणात टाळ्या पडायच्या, आणि ओसरीवरची मंडळी एकमेकांची तोंडं बघायची. आपल्याला जिंकायला थोड्याच धावा उरल्या, वेळही संपत आली, तसा रेडिओतला माणूस किंचाळायलाच लागला. आमची माणसं गुडघ्यांवर उठली, आणि मी हळूच काही सांगताच पुन्हा खाली टेकली.

पाटलांना राहवेना. पायरीवर येऊन ओरडले, "अवो मास्तर, काय झालं? जरा मोठ्यानं सांगा की!"

मी मान वर केली नाही. "इथं जागा आहे, पाटील. खाली या, मग सांगतो."

आले की! धोतर सावरत आमच्या लाजरस गवंड्याच्या मांडीला मांडी लावून बसले. "हां, आता बोला."

"सामना मघाच संपला," मी म्हटलं. "थोडक्यात हुकलो. पण तुम्ही आलात, ते बरं झालं."