कोंडा ओढणारी मशीन

माझं नाव देवराम, पण बालाघाटात देवराम कोन म्हणून विचारसाल तं कोनी सांगनार नाई, मशीनवाले काका म्हना, ऑटोवाला दारात आनून सोडते. आजोबा आमचे भंडाऱ्याकडून आले, वारासिवनीले राह्यले, बाप राइस मिलात लागला, मंग मीबी त्याच मिलात, मोटरी अन् पट्टे दुरुस्त कराच्या कामावर. घर मिलच्या भिंतीले लागून. अन् धानाचा कोंडा, काय सांगू तुमाले, जेवाले बसा तं ताटात, झोपा तं उशीवर, लेकराच्या कानात कोंडा. आमाले त्याचं काईच वाटे नाई, सवय होती.

सुमन, माझी बायको, तिले नाई झाली सवय. पोरगी झाली अन् सुमनले दमा लागला. डॉक्टर म्हने धुळीपासून दूर ठेवा हिले. आता दूर कुठं ठेवू, घर तं तेच. झाडू मारला का कोंडा उडे, उडला का ती भिंतीले धरून खोकत बसे. मी सकाळी झाडून देऊन कामावर जाओ, दुपारी पाहा तं तेवढाच थर. एक दिवस सुमन झाडता झाडता खालीच बसली, ओठ निळे पडले. दवाखान्यात नेलं, तिच्या भावाले, प्रकाशले, जवळ बसवलं अन् मी ड्यूटीवर आलो, काहून का सुट्टी नव्हती. मिलात मोठा पंखा असते, तो तांदुळातला कोंडा ओढून बाहेर फेकते. लहानपणापासून पाह्यलेला पंखा, पण त्या दिवशी त्याच्याच समोर उभा राह्यलो अन् वाटलं, हा ओढते, उडवत नाई. झाडू उडवते. घरात ओढणारं काई पाह्यजे.

शहरात अशा मशीनी मिळत असतीन, मले कुठं माहीत. मी बिघडलेल्या मिक्सरची मोटर घेतली, तेलाचा पिपा घेतला, धोतराची पिशवी सुमननंच शिवून देल्ली. चालू केली तं घर दणाणलं. सुमन म्हने, बैठकीत चटणी वाटून राह्यले का, बंद करा. पिशवीतून बारीक कोंडा वापस बाहेर येऊन राह्यलता. मंग कपडा दुहेरी केला, नळी बदलली, तोंड चपटं केलं. ती नाकाले पदर लावून बसे अन् सांगे, आता कमी येते, अजून येते. नाई म्हनाले ती कधी लाजली नाई. ज्या दिवशी तिनं पदर सोडला अन् सगळी खोली स्वतः साफ केली, त्या दिवशी मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

शेजारणी आल्या, मलेबी पाह्यजे म्हने. प्रकाश बोलण्यात हुशार, तो म्हने भाऊजी मिल सोडा, धंदा करू. सोडली. बालाघाटले शेड घेतला. मी बनवो, तो विके. सरकारी क्वार्टरात जाये, बाईसमोर फरशीवर राख टाके, बाई चिडे, अन् मशीन लावली का हासे. चांगले दिवस होते ते, खोटं काहून सांगू.

मंग मागणी वाढली अन् प्रकाशनं मोटरी दुसरीकडून आनल्या. मले पटल्या नाई, हात लावला तं लवकर गरम होत. तो म्हने चालते. किरनापुरात एका घरी पिशवीनं पेट घेतला, पडदा जळाला, पाळण्यात लेकरू होतं, आजीनं उचललं म्हणून वाचलं. मी प्रकाशले म्हटलं, त्या मोटरीच्या सगळ्या मशीनी वापस आनू. तो म्हने, एका घरी झालं, गावभर बोंब काहून मारता, धंदा बसन. मी सुमनकडे पाह्यलं. भाऊ तिचा होता, मी काय बोलू. ती म्हने, गाडी काढा.

तिले धूळ चालत नाई, अन् ती माझ्या मागं बसून, तोंडाले फडकं बांधून, गावोगाव हिंडली. दारात उभं राहून हिंदीत सांगे, दीदी, मत चलाओ, हम दूसरी देंगे. कोनी शिव्या देल्ल्या, कोनी चाय पाजला. एका वाटेवर तिले दम लागला तं झाडाखाली बसवलं, म्हटलं घरी जाऊ. मानेनंच नाई म्हने. आमी सगळ्या मशीनी आनल्या.

प्रकाश वेगळा झाला. माझीच मशीन, वरून लाल डब्बा, अन् त्याचं नाव. राखीले येनं सोडलं त्यानं. सुमन राखी आनून ठेवे, अन् दिवस गेला का देवाजवळ ठेवून दे. मंग मोबाइलवर मशीनी येऊ लागल्या, त्याचा धंदा बसला, माझाबी बसला. एका राखीले तो आला, हात पुढं केला. सुमननं बांधली. जेवून गेला. आता येते मधीमधी, दुकानात बसते, आमी मोटरीवर बोलतो, बाकी कायवर बोलत नाई.

नवी मशीन बनवनं म्या बंद केलं. लोकं मोबाइलवरच्या आनते, बिघडली का माझ्याकडं. मोटरीच्या आवाजानं माझे कान गेले, तुमी दोनदा विचारलं तवा समजलं नं. पोरगी रायपुरात, तिच्या घरी आपोआप फिरनारी गोल मशीन हाय. म्हनते, पापा, अब बंद कर दो. मी म्हणतो हौ. शटर मात्र रोज उघडतो, घरी बसून करू काय. सुमनचा दमा काई गेला नाई, पंप लागते, पण आज सकाळी पोळ्या केल्या तिनं, मी जेवून आलो. आता माझ्या कमरेत दुखते, जास्त बसवत नाई. तुमी निघा आता, बस सुटन. अन् रुमाल बांधा तोंडाले, पुढं रस्ता खोदून ठेवला हाय. चांगले राहा.